उत्तर उतार: नागपुरातील जुन्या कचरा डेपोवरील मातीकामाच्या नोंदी

२० फेब्रुवारी

काम फक्त उत्तर उताराचं आहे. लांबी १२० मीटर, जमिनीपासून उंची १८ मीटर. सध्याचा उतार सरासरी १ उभा : १.३ आडवा, म्हणजे जवळपास ३८ अंश. ढीग असा वर्षानुवर्षं उभा आहे म्हणून तो टिकाऊ आहे असं कोणी समजू नये. करायचं ते असं: उतार १:३ करणं, मध्यावर ४ मीटर रुंदीची बर्म (उतारातली सपाट पायरी) काढणं, पायथ्याशी दगडी चर आणि बांध घालणं आणि पावसाआधी माती-मुरमाचा थर देणं. मॉन्सून नागपुरात साधारण जूनच्या मध्यावर पोचतो. वळवाचा पाऊस त्याआधीच हजेरी लावतो, म्हणून आपली तारीख ३१ मे.

ड्रोनचा सर्व्हे आणि टोटल स्टेशनच्या (मोजणीची दुर्बीण) रेषा जुळवून घेतल्या. पायथा आहे तिथेच ठेवला तर काढायचा कचरा ३७,४०० घनमीटर होतो. त्यातला २९,१०० घनमीटर वरच्या ९ मीटरांत आहे आणि खालच्या ९ मीटरांत जेमतेम ८,३००. पुढचं सगळं नियोजन या दोन आकड्यांवर बसवायचं आहे. ओझं वर आहे, तेव्हा आधी वरचं उतरायला हवं.

२४ फेब्रुवारी

माथ्यावर आणि मधल्या उंचीवर मिळून ९ चाचणी खड्डे घेतले, प्रत्येकी ३ मीटर खोल, सगळे पोकलेनने. खड्ड्यात कोणी उतरलं नाही आणि उतरायचंही नाही. बकेटमध्ये आलेला माल ताडपत्रीवर पसरून पाहिला. वरचा दीड मीटर माती आणि मलबा. त्याखाली प्लास्टिक, कापड, नारळाच्या करवंट्या, काळा पडलेला ओला कुजका माल. २.५ मीटरच्या खाली ओल एवढी की मूठ दाबली की बोटांतून पाणी गळतं. खड्डा क्र. ६ मध्ये अर्ध्या तासात ३० सेंमी लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, साचलं.

चार वायूंचा मीटर दोरीला बांधून आधी खड्ड्याच्या तोंडाशी, मग मध्यावर, मग तळाशी सोडला. मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर येतो. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड जड, ते तळाशी बसतात. एकाच उंचीवर मोजून 'गॅस नाही' लिहिणं म्हणजे मोजलंच नाही. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना पेट घेतो. त्या खालच्या मर्यादेच्या २५ टक्के, म्हणजे हवेत सव्वा टक्का, ही आपली थांबायची रेघ. त्याच मर्यादेच्या १० टक्क्यांवर मीटर वाजायला लागतो, तेव्हाच मशीन मागे घ्यायचं आणि वाऱ्याची दिशा पाहायची. इतर रेघा: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०), कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएम.

हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जास्त प्रमाण झालं की नाकाला वास येणंच बंद होतं, हे आजच्या बैठकीत तीनदा सांगितलं. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं नाही.

२८ फेब्रुवारी

नकाशातला क्रम बदलून घेतला. मूळ क्रमात पायथ्याचा चर पहिला होता: १२० मीटर सलग, १.२ मीटर खोल. कारण लिहिलं होतं की लीचेटचा निचरा आधी सुरू व्हावा. हेतू बरोबर, जागा चूक. १८ मीटरच्या उभट ढिगाच्या पायाला सलग चर मारणं म्हणजे भिंतीखालची वीट काढणं. पायथ्याचं वजनच वरच्या घसरणाऱ्या मालाला अडवून धरत असतं. ते काढलं आणि आत पाणी असलं तर ढीग पुढे सरकायला वेगळं निमित्त लागत नाही.

पाणी किती घात करतं त्याचे दाखले आहेत. इंडोनेशियात बांडुंगजवळच्या ल्यूविगाजाह डेपोवर २१ फेब्रुवारी २००५ रोजी तीन दिवसांच्या पावसानंतर ढीग कोसळला आणि १४० हून अधिक माणसं गेली. दिल्लीत गाझीपूरला १ सप्टेंबर २०१७ रोजी, तेही पावसानंतरच, घसरलेल्या कचऱ्याने रस्त्यावरची वाहनं कालव्यात ढकलली, दोघांचा जीव गेला.

नवा क्रम: (१) ढिगातलं पाणी विहिरींतून खाली आणणं, (२) माथ्यावरून खाली कापत येणं, (३) वरचा अर्धा भाग पूर्ण उतरल्यावरच पायथ्याचा चर, तोही ८-८ मीटरच्या तुकड्यांत, (४) मातीचा थर, (५) नाल्या. पायथ्यापासून १० मीटरपर्यंत लाल फीत बांधली. तिच्या आत मशीन नाही, माणूस नाही, मालाचा ढीग नाही.

मधल्या उंचीवरून तीन विहिरी घ्यायच्या. ३०० मिमीचं बोअर, आत १६० मिमीचा छिद्रांचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप, भोवती २० मिमी खडी. पंप हवेवर चालणारे. साधी सबमर्सिबल मोटर या गॅसच्या वातावरणात चालणार नाही, ती स्वस्त पडते हे कारण पुरेसं नाही. पाण्याची पातळी पाहायला ५० मिमीचे ६ पाइप उतारावर गाडले. आज पायथ्याजवळच्या पाइपांत पाणी जमिनीपासून ४.२ मीटर वर उभं आहे.

४ मार्च

हायव्यांचा (माल वाहणाऱ्या डंपरांचा) रस्ता. उंची १८ मीटर, चढ १:१२, म्हणून लांबी २१६ मीटर. रुंदी ७ मीटर, जाड मलब्याचा ४५ सेंमी थर, सुमारे ६८० घनमीटर, म्हणजे २४० ब्रास. मलब्यातली सळई वेचून काढली. टायर फुटला की भरलेला हायवा उतारावर कुठे जाईल ते चालकाच्या हातात राहत नाही. दरीच्या बाजूला ७५ सेंमी उंचीचा मातीचा कठडा. हायव्याच्या चाकाचा व्यास साधारण १ मीटर असतो आणि कठडा त्याच्या निम्म्याहून उंच हवा. त्याहून बुटका कठडा चाक अडवत नाही.

रस्त्यावरून ११ केव्हीची तार जाते. तारेच्या दोन्ही बाजूंना १० मीटरवर खांब रोवून आडवा बांबू बांधला, रंगीत पट्ट्यांसह. उचललेल्या ट्रॉलीची उंची त्या बांबूला आधी लागेल. ट्रॉली वर ठेवून गाडी पुढे काढायची सवय बहुतेक चालकांना असते. तारेखालचे अपघात त्याच सवयीतून होतात.

वाहतुकीचं गणित: रोज १,००० घनमीटर कापलं की ते फुगून १,३०० होतं. हायव्यात १४ घनमीटर बसतं, म्हणजे ९३ फेऱ्या. एक फेरी २५ मिनिटांची, ८ तासांत एका गाडीच्या १९. पाच हायवे लागतात, सहावा राखीव. सहावा परवडत नाही असं मत आलं होतं. पण एक गाडी बंद पडली की पोकलेनवाला बाकीच्यांना घाई करतो आणि घाईतच माणसं चुकतात. सहावा ठेवला.

कचरा वेचणाऱ्या बाया पहाटे साडेपाचलाच येतात. त्यांचं पोट यावर आहे. नुसती हाकलाहाकली केली तर त्या अंधारात उताराच्या मागून येतील, ते जास्त धोक्याचं. त्यांच्यातल्या दोघी ताईंबरोबर बसून ठरवलं: कापलेला माल दक्षिणेच्या सपाट भागावर पसरला की दुपारी ११ ते ४, मशीन बंद असताना, तिथे वेचायचं. बूट आणि हातमोजे साइटकडून, धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना. उत्तरेला कोणीही नाही.

१० मार्च

पहिली कापणी, माथ्यावरून. दोन पोकलेन, २० टन वर्ग. दोघांत ३० मीटर अंतर, आणि एक दुसऱ्याच्या खाली कधीच नाही. वरच्या मशीनने सुटलेला टायर किंवा काँक्रीटचा तुकडा खाली घरंगळत जाताना वाटेत काय आहे ते पाहत नाही.

नियम असे दिले. एका टप्प्याची खोली जास्तीत जास्त ३ मीटर. तात्पुरता उतार १:१.५ पेक्षा उभा नको. पोकलेनच्या चेन काठाला काटकोनात, समांतर नाही, म्हणजे काठ बसायला लागला तर सरळ मागे येता येतं. काठापासून ३ मीटर आत. दक्षिणेच्या भरावावर हायवा भरावाच्या काठापासून ८ मीटर आत रिकामा होईल, पुढे ढकलायचं काम डोझरचं. काढलेला माल माथ्याच्या काठापासून ३० मीटरच्या आत साठवायचा नाही, एका रात्रीपुरताही नाही. दक्षिणेला तो ६० सेंमीच्या थरांत पसरून डोझरच्या चार फेऱ्यांनी दाबायचा.

माथ्यावर दर २० मीटरला खुंटी, रोज सकाळी ७ ला टोटल स्टेशनचं वाचन. दिवसाला १० मिमी सरकलं तर दुपारी पुन्हा वाचायचं. २५ मिमी झालं तर काम बंद.

१३ मार्च

दुसऱ्या पोकलेनने ३.५ मीटरची जवळपास उभी भिंत सोडली होती. संध्याकाळच्या फेरीत दिसली. चालकाचं म्हणणं, माल चांगला उभा राहतो, मग काय हरकत?

हरकत इथेच आहे. भिंतीजवळ न जाता दुर्बिणीतून पाहिलं तर कारण दिसतं. साड्यांचे पट्टे, पोती, प्लास्टिकच्या पिशव्या आडव्या थरांत एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि लोंबत आहेत. काँक्रीटमध्ये सळई जे करते ते काम इथे हे पट्टे करतात. म्हणून कचऱ्याची भिंत मातीच्या भिंतीपेक्षा उभी राहते. पण माती पडायच्या आधी थोडी ढासळते, भेग दाखवते. कचऱ्याची भिंत पट्टे ताणले जाईपर्यंत गप्प असते आणि मग अख्खा पापुद्रा एकदम सुटतो. मातीवर काम करून आलेला चालक इथे फसतो, कारण त्याच्या अनुभवाप्रमाणे उभी भिंत म्हणजे घट्ट भिंत.

रात्रीच १:१.५ करून घेतलं. दोन्ही केबिनमध्ये ३ मीटरची खूण असलेला बांबू ठेवला. खाली निशाण दाखवणारा भाऊ तो बकेटशेजारी उभा धरेल, पण मशीन थांबलेलं आणि बकेट जमिनीला टेकलेली असतानाच.

१९ मार्च

दुपारी अवकाळी पाऊस. साइटच्या पर्जन्यमापकात ४० मिनिटांत २२ मिमी. गारा बारीक होत्या. वीज दिसल्याबरोबर सगळ्यांना खाली आणलं. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप साइट इंजिनियर आणि दोन्ही सुपरवायझरांच्या फोनवर आहे, पण ढग पाहून निघणं अजूनही लवकरचं ठरतं.

कापलेल्या तळावर पाणी साचलं. तळाचा ढाळ आत, ढिगाकडे दिला होता, उतारावरून पाणी ओघळू नये म्हणून. उघड्या कचऱ्यावर ही चूकच. आत गेलेलं पाणी थेट ढिगात मुरतं. तीन दिवसांत पाइपांतली पातळी २० सेंमी वाढेल असा अंदाज आहे. यापुढे तळाला ढाळ लांबीच्या दिशेने, पश्चिमेकडे, ३ टक्के. काठावर ३० सेंमीचा तात्पुरता बांध, पश्चिम टोकाला ४ × ४ मीटरचा अस्तर घातलेला खड्डा आणि त्यावर पंप. तिथलं पाणी लीचेटच समजायचं, नाल्यात सोडायचं नाही. उतारावर २४ तास मशीन बंद.

२२ मार्च

पातळी १७ सेंमी वाढली, मग थांबली. विहिरींचे पंप रात्रीही चालू ठेवले.

२७ मार्च

सकाळी खुंटी क्र. ४ आणि ५ च्या मध्ये माथ्यावर भेग. लांबी ११ मीटर, रुंदी १२ मिमी, काठापासून ५ मीटर आत आणि काठाला समांतर. सरळ भेग आणि कमानीसारखी भेग यांतला फरक इथे महत्त्वाचा असतो. कमानीसारखी असली, दोन्ही टोकं काठाकडे वळलेली असली, तर खाली घसरणीचा पृष्ठभाग तयार होतोय असं धरायचं. ही सरळ होती, टोकं वळलेली नव्हती, आणि दोन्ही बाजूंची पातळी सारखी होती. तरी काम बंद.

भेगेच्या दोन्ही बाजूंना सळईचे तुकडे ठोकले, दर दोन तासांनी टेपने अंतर. सकाळी ८ ला ४१२ मिमी, १० ला ४१४, १२ ला ४१४, ४ ला ४१५. दुसऱ्या दिवशी ४१५ वरच. कारण सापडलं: आदल्या रात्री भरलेला हायवा काठापासून ४ मीटरवर उभा करून ठेवला होता, ३० टनांचं ओझं रात्रभर. काठ तेवढा बसला. आता माथ्यावर काठापासून १५ मीटरवर दगडांची रांग लावली आहे, तिच्या पलीकडे, काठाच्या बाजूला, गाडी उभी करायची नाही. भेग काळ्या मातीने भरून ठोकली. उघडी भेग पावसाचं पाणी सरळ आत नेते.

१ एप्रिल

उन्हाची वेळ: ६ ते ११ आणि ४ ते ७. केबिनला एसी असलेलीच मशीन घेतली आहेत. बाहेर निशाण दाखवणाऱ्यांना दर ४५ मिनिटांनी बदली, मठ्ठा आणि ओआरएस सावलीत. ज्याला चक्कर आली त्याला त्या दिवशी परत उन्हात पाठवायचं नाही, तो कितीही 'बरं वाटून राह्यलं' म्हणाला तरी.

९ एप्रिल

पूर्व टोकाला कापताना वाफ दिसली. पहाटेची होती म्हणून ओल असावी असं वाटलं. पण मीटरवर कार्बन मोनॉक्साइड १८० पीपीएम आणि तापमापकाची सळई १ मीटर आत घातली तर ७८ अंश. आत धुमसतंय. कुजण्याच्या उष्णतेने कचरा ५०-६० अंशांपर्यंत तापतो, त्यात नवल नाही. ७० च्या वर आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे आग.

आपण कापलं, हवा आत गेली, म्हणून ती वर आली. अशा वेळी हात आपोआप पाण्याच्या टँकरकडे जातो. भोकात पाणी ओतून काही होत नाही. वरचं कवच ओलं होतं, वाफ माणसाच्या अंगावर येते, पाणी लीचेट होऊन खाली जातं आणि आतलं धुमसणं तसंच राहतं. केलं ते असं:

आधी ६० सेंमी मुरूम टाकून तोंड बंद केलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी वारा जिकडून येतो त्या बाजूने पोकलेन, शेजारी मुरमाचे दोन भरलेले हायवे आणि १०,००० लिटरचा टँकर तयार. एका वेळी दोन-तीन बकेट माल उचलून ४० मीटर दूर मोकळ्या मुरमाच्या पट्टीवर ३० सेंमी जाडीत पसरायचा, तिथे पाणी मारायचं, २४ तास तसाच ठेवायचा आणि तापमान ४० च्या खाली आल्याशिवाय भरावात न्यायचा नाही. एकूण १४० घनमीटर निघाला. दोन दिवस गेले. घाईत गरम माल दक्षिणेच्या भरावात गेला असता तर तिथे दुसरी आग पुरली असती.

२६ एप्रिल

कापणी पूर्ण. १० मार्चपासून कामाचे ३७ दिवस. रविवार सोडून बंद राहिलेले दिवस ४. पाइपांतली पातळी २.६ मीटर, म्हणजे फेब्रुवारीपेक्षा १.६ मीटर खाली. आता पायथ्याला हात लावता येतो.

२९ एप्रिल

पायथ्याचा चर. १५ तुकडे, प्रत्येकी ८ मीटर लांब, २.५ मीटर रुंद, १.२ मीटर खोल. क्रम १, ४, ७, १०, १३, मग २, ५, ८, ११, १४, शेवटी उरलेले. एका दिवशी उघडलेला तुकडा त्याच दिवशी भरायचा. दुपारी दोननंतर नवा तुकडा उघडायचा नाही. एकाला साधारण पाच तास लागतात, त्यात पाइपची पातळी तपासण्याचा वेळ धरला आहे.

तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण गाळ अडवणारं कापड), त्यावर १५ सेंमी खडी, २०० मिमीचा छिद्रांचा एचडीपीई पाइप, वर १५० ते ३०० मिमीचा दगड, मग जिओटेक्स्टाइल उलटून झाकायचं. पाइपचा ढाळ १:२००, म्हणजे एका तुकड्याला ४० मिमी, पूर्ण लांबीत ६० सेंमी. माणूस आत उतरतो तो फक्त पाइप बसवायला. त्याआधी मीटर तळाशी, कचऱ्याच्या बाजूचा उतार १:१, शिडी लावलेली, आणि वर एकजण फक्त पाहायला. त्याच्या हातात दुसरं काम नाही, फोनही नाही.

३ मे

तुकडा ७ मध्ये वर पाहणाऱ्याने हाक दिली, 'भाऊ, वर या, बाजूनं भसकून राह्यलं.' आतला गडी शिडीने वर आला. एका मिनिटाच्या आत कचऱ्याच्या बाजूचा अर्धा घनमीटर माल चरात पडला. दुखापत नाही. आतून पाण्याची बारीक धार फुटली होती, तिने खालचा माल धुऊन नेला. विहीर क्र. २ चा पंप सकाळी सहापासून बंद होता, फिल्टरमध्ये गाळ. यापुढे पंप चालू असल्याची नोंद पाहिल्याशिवाय चर उघडायचा नाही.

शिवाय तुकडा ४ चा पाइप ३० मिमी वर बसला होता. तुकडे वेगवेगळ्या दिवशी झाल्याने पातळी जुळत नाही, हा या पद्धतीचा ठरलेला दोष. तुकडा परत उघडून पाइप खाली घेतला. आता प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांची पातळी जवळच्या पक्क्या खुणेवरूनच घ्यायची, शेजारच्या पाइपवरून नाही.

१० मे

चर आणि त्यावरचा २ मीटरचा बांध पूर्ण. आता थर. उताराचं क्षेत्र ७,३०० चौरस मीटर. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत पावसाआधीचा मधला थर ४० ते ६५ सेंमी सांगितला होता. आपण ५० सेंमी देतोय: ३० सेंमी काळी माती, १५-१५ च्या दोन थरांत, आणि वर २० सेंमी मुरूम. अंतिम झाकण यंदा नाही. नुकताच कापलेला, दाबलेला कचरा एक पावसाळा बसतो. त्यावर आत्ताच पक्का थर दिला तर तो तुटेल.

माल: काळी माती सुमारे १,०४५ ब्रास, मुरूम ६४५ ब्रास. गौण खनिजाचे पास गाडीनिहाय फाइलला लावले. पास नसलेली गाडी आत घेतली नाही, चार गाड्या परत गेल्या.

१२ मे

आपल्याकडची कपाशीची काळी माती पाणी अडवायला उत्तम, पण मे महिन्यात वाईट वागते. प्रयोगशाळेचे आकडे: लिक्विड लिमिट (ज्या ओलीला माती पातळ होऊन वाहायला लागते ती) ६२ टक्के, कोरडी घनता कमाल १.५२ ग्रॅम प्रति घन सेंमी, त्यासाठीची ओल २३ टक्के. आपल्याला ओल २५ ते २६ हवी, थोडी जास्त. कोरड्या बाजूने दाबली तर ढेकळं ढेकळंच राहतात आणि मधल्या फटींतून पाणी जातं.

आणून ठेवलेल्या काळ्या मातीत ओल १३ टक्के. पाणी लागतं ३८ टँकर, १०,००० लिटरचे. उन्हाने उडणारं धरून ५० मागवले. पहिल्या दिवशी पसरून, पाणी मारून लगेच रोलर फिरवला, आणि घनता १.३६ आली. कारण एक ढेकूळ फोडल्यावर कळलं. बाहेरून ते काळं, चिकट, बोटाला लागणारं. आत नखाएवढ्या थराखाली राखेसारखं फिकट आणि कोरडं, दोन बोटांत चुरलं की पीठ. पाणी वरच लागलं होतं, मुरलं नव्हतं.

पद्धत बदलली: माती उतरवण्याआधीच सपाट जागी ३० सेंमी पसरायची, संध्याकाळी पाणी, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरच्या दोन फेऱ्या, परत पाणी, ताडपत्री घालून रात्रभर. सकाळी पुन्हा रोटाव्हेटर. ढेकूळ ५० मिमीच्या वर नको. मगच उतारावर २० सेंमी सैल थर, पॅडफूट (गुट्टे असलेला) रोलर उतारावर वर-खाली, ८ फेऱ्या. आडवा रोलर नाही, १:३ वर तो घसरतो आणि कलंडतो.

१४ मे

कोअर कटरने (थरात ठोकायची पोकळ नळी) दर ५०० चौरस मीटरला घनतेचा एक नमुना. आजचे सात: १.४६, १.४५, १.४७, १.४४, १.४६, १.४१, १.४५. हवे किमान १.४४. सहावा पूर्व टोकाचा, तिथे रोलर वळतो आणि फेऱ्या कमी पडतात. तेवढा पट्टा उकरून परत.

१६ मे

दुपारी ११ ते ४ उघड्या राहिलेल्या काळ्या थरावर ६ ते ८ मिमीच्या भेगा, काही बोटभर खोल. पाच तासांत. हा थर फेकायचा नाही, पण तसाच झाकायचाही नाही. १० सेंमी रोटाव्हेट करून, पाणी देऊन परत दाबला. यापुढे दुसरा काळा थर पूर्ण झालेल्या पट्ट्यावर त्याच दिवशी मुरूम चढलाच पाहिजे. म्हणून पट्टा २० मीटर रुंदच घ्यायचा, मुरूम खाली आधी आणून ठेवायचा. सकाळी ११ च्या आत मुरूम चढणार नसेल तर त्या दिवशी काळी माती सुरूच करायची नाही. मुरमाचं खरं काम हेच, मातीला ऊन लागू न देणं.

३० मे

थर पूर्ण, एक दिवस आधी. बर्मवरची आणि पायथ्याची नाली: तळ ६० सेंमी, खोली ५० सेंमी, बाजू १:१, ढाळ १:२००. दोन हेक्टरचं पाणी येतं. तासाला ६० मिमी पाऊस धरला, त्यातलं ७० टक्के वाहतं, म्हणजे सेकंदाला २३० लिटर, नालीत ३० सेंमी उंचीने. तासाला १०० मिमी झाला तरी ४० सेंमीच्या आत राहतं. बर्मवरून खाली उतरणाऱ्या तीन ठिकाणी दगडी फरसबंदी, तळाला २ मीटरचा दगडांचा गालिचा. नाहीतर पाणी पहिल्याच सरीत थर कापून कचरा उघडा पाडतं.

११ जून

रात्री ४६ मिमी, त्यातले ३१ मिमी पहिल्या ५० मिनिटांत. सकाळी ७ ला पाहणी, पायी, बर्मवरूनच.

नालीत पाण्याची खूण २० सेंमीवर. पायथ्याचा पाइप वाहतोय, पाणी काळपट तपकिरी, म्हणजे लीचेट, ते टाकीत जातंय. नालीचं पाणी मुरमाच्या लाल रंगाचं, ते वेगळं वाहतंय. दोन रंग वेगळे राहिले. पातळी पाहायच्या पाइपांत वाढ ४ सेंमी. मार्चमध्ये याच्या निम्म्या पावसात १७ होती.

दोष: बर्मच्या पूर्व टोकाला, विहीर क्र. ३ च्या पाइपभोवती, २० सेंमीचा खळगा. पाइपाला लागून रोलर फिरत नाही, तिथे हाताच्या रॅमरने दाबायला हवं होतं. आजच काळी माती ५-५ सेंमीच्या थरांत भरून रॅमरने ठोकायची, पाइपभोवती ५० सेंमीचा बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणारी चिकणमाती) गळपट्टा द्यायचा. विहीर क्र. १ आणि २ च्या भोवतीही उकरून पाहायचं, वरून ठीक दिसलं तरी. माथ्याच्या खुंट्यांचं वाचन रोजचं होतं, ते पावसाळाभर तसंच, शिवाय २५ मिमीच्या वर पाऊस झाला की दोन तासांच्या आत एक जास्तीचं.